प्रेशर ट्रीटेड लाकडाला रंग आणि स्टेन: ओल, ऊन आणि थरांचा हिशोब

प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेल्या लाकडावर रंग धरत नाही, वर्षभरात पोपडे निघतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष मात्र लाकडात मुरवलेल्या औषधाचा नसतो. लाकडात पाणी शिल्लक असताना रंग दिलेला असतो, किंवा ते पाणी सुकेपर्यंत लाकूड महिनोन्‌महिने उन्हात उघडे पडलेले असते. या दोन गोष्टी सांभाळल्या तर हे लाकूड साध्या पाइनइतकाच चांगला रंग धरते.

लाकडात नेमके काय मुरलेले असते

कारखान्यात लाकडाच्या फळ्या मोठ्या पोलादी टाकीत भरतात. टाकी बंद करून आतली हवा ओढून घेतात, मग औषधाचे पाण्यातले द्रावण सोडून वातावरणाच्या सुमारे दहापट दाब देतात. दाबामुळे द्रावण लाकडाच्या पेशींत खोल शिरते. एका घनमीटर पाइनमध्ये अशा रीतीने काहीशे लिटर द्रावण जाते. औषध आतच राहते, पाणी मात्र बाहेर पडायला वेळ घेते. म्हणूनच ताजी ट्रीटेड फळी उचलताना जड लागते आणि स्क्रू मारला की कडेने पाणी दिसते.

आज घराभोवतीच्या कामासाठी मिळणाऱ्या लाकडात बहुतेक वेळा तांब्याची संयुगे असतात. हिरवट छटा त्यांचीच. तांबे बुरशी आणि वाळवी यांना रोखते, पण पाणी आणि ऊन यांना रोखत नाही. पावसात फुगणे, उन्हात आक्रसणे, चिरा पडणे, पिळणे, वरचा थर करडा पडणे हे सगळे ट्रीटेड लाकडातही होतेच. रंग किंवा स्टेन (लाकडाला छटा देणारा, बहुधा आत मुरणारा पातळ लेप) द्यायचा तो यासाठी. कुजण्यापासून वाचवण्याचे काम औषधाने आधीच केलेले असते.

जुने लाकूड असेल तर आधी त्याचा काळ पाहावा. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंती कामेशम यांनी १९३३ साली शोधले आणि पुढे ते जगभर वापरात आले. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद झाले, युरोपीय संघानेही त्याच सुमारास निर्बंध आणले. त्याआधीचे कठडे, डेक (घराबाहेरचे फळ्यांचे लाकडी ओटे), खेळण्यांचे सांगाडे आजही उभे आहेत. असे लाकूड यंत्राने घासू नये, जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून, वाळवून त्यावर तेलाचा मुरणारा स्टेन द्यावा. थर नियमित नवा करत राहिले तर आर्सेनिक हाताला आणि मातीला लागण्याचे प्रमाण कमी होते. कोणत्याही ट्रीटेड लाकडाचे तुकडे आणि भुसा जाळू नये. धुरात आणि राखेत विषारी धातू जातात.

रेल्वेच्या जुन्या स्लीपरसारख्या, क्रिओसोट (डांबरापासून काढलेले तेल) मुरवलेल्या काळ्या लाकडावर रंगाचा विचारच सोडावा. तेलकट क्रिओसोट वर्षानुवर्षे रंगातून वर येत राहतो.

फळीवरचे लेबल आधी वाचा

फळीच्या टोकाला छोटी प्लास्टिकची चिठ्ठी किंवा शिक्का असतो. त्यावर औषधाचे नाव, लाकूड जमिनीत गाडण्याजोगे आहे की फक्त जमिनीच्या वर वापरायचे, आणि औषध मुरवल्यानंतर भट्टीत पुन्हा वाळवले आहे का, हे दिलेले असते. भट्टीत वाळवलेल्या मालावर केडीएटी ही अक्षरे असतात. त्यात ओल १९ टक्के किंवा त्याहून कमी असते. किंमत जास्त पडते, पण रंग लवकर द्यायचा असेल तर हाच माल घ्यावा. काही दिवस कामाच्या जागी सावलीत ठेवून, ओल तपासून काम सुरू करता येते. साध्या मालात ओल ३५ ते ७५ टक्के असू शकते.

लेबलवर पाणी झटकणारे मेण घातल्याचा उल्लेख असेल तर तोही लक्षात ठेवा. असे लाकूड कोरडे झाले तरी काही महिने पाणी झटकते आणि पाण्यात पातळ होणारा स्टेन घेत नाही. त्यावर तेलाचा स्टेन तुलनेने बरा बसतो.

वाळवायचे, पण सावलीत

"सहा महिने ते वर्षभर तसेच राहू द्या, मग रंगवा" हा सल्ला फार रुळलेला आहे आणि अर्धवट आहे. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन हा घटक उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतो. वरचे तंतू सैल होतात. मग रंग तंतूंना चिकटतो, पण तंतूच लाकडाला चिकटलेले नसतात. अमेरिकेत मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या चाचण्यांत असे दिसले, की उघडे लाकूड रंगण्याआधी काही आठवडे जरी उन्हापावसात राहिले तरी रंगाची पकड घटते. म्हणजे पाणी जायला वेळ हवा, पण तो वेळ उन्हात जायला नको.

काम सुरू व्हायच्या आधी माल हातात असेल तर मार्ग सोपा आहे. जमिनीपासून फूटभर उंचीवर आडवे ओंडके टाकून त्यावर फळ्यांचा थर लावा. प्रत्येक दोन थरांमध्ये २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड ते दोन फुटांच्या अंतराने, एकावर एक सरळ ओळीत येतील अशा ठेवा. पट्ट्या पुढेमागे झाल्या तर फळ्या तिथेच वाकतात. वरून पत्रा किंवा ताडपत्री टाका, बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले तर ओल आत कोंडते आणि बुरशी येते. वर वजन ठेवा, म्हणजे वरच्या फळ्या पिळणार नाहीत. इंचभर जाडीच्या फळ्यांना कोरड्या हवेत काही आठवडे लागतात, चार इंची चौकोनी खांबाला काही महिने.

फळ्या आधीच ठोकून झाल्या असतील तर सावलीचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी लाकूड पाहिजे तेवढे वाळू द्या आणि रंगण्याच्या लगेच आधी वरचा उन्हाने मारलेला पातळ थर घासून काढा. काढला नाही, तर पुढची सगळी मेहनत त्या सैल तंतूंवर उभी राहते.

ओल किती उतरली हे कळण्यासाठी सुयांचे मीटर सगळ्यात भरवशाचे. सुया किमान ६ ते ८ मिलिमीटर आत जाऊ द्या, टोकापासून फूटभर आत मोजा आणि प्रत्येक बाजूला चार-पाच ठिकाणी मोजा. सावलीतली बाजू आणि जमिनीलगतचा भाग सर्वात शेवटी वाळतो, म्हणून निर्णय तिथल्या आकड्यावर घ्या. तांब्याच्या क्षारांमुळे मीटर थोडे जास्त दाखवते. वर थर धरणाऱ्या रंगासाठी १५ टक्के किंवा कमी, मुरणाऱ्या तेलाच्या स्टेनसाठी १८च्या आत ओल असावी.

मीटर नसेल तर पाण्याचे थेंब टाकून बघतात. थेंब दहा मिनिटांच्या आत शोषले गेले तर लाकूड तयार, मणी होऊन तसेच राहिले तर नाही, असा ढोबळ नियम आहे. पण मणी होण्याची कारणे तीन असू शकतात: आत ओल आहे, वर मेण आहे, किंवा रंध्याच्या पात्याने पृष्ठभाग दाबून गुळगुळीत झाला आहे. म्हणून शेजारीच तळहाताएवढी जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि तिथेही थेंब टाका. घासलेल्या जागी पाणी मुरले तर अडचण फक्त वरच्या कातडीची आहे. तिथेही मणी राहिले तर थांबा. थेंब मुरले म्हणजे फळीचा गाभा कोरडा आहे असेही नव्हे. त्यामुळे जाड खांबांसाठी केवळ या चाचणीवर विसंबू नये.

रंग की स्टेन: खरा निर्णय इथे होतो

दुकानातली शेड-कार्डे बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा पृष्ठभाग आडवा आहे की उभा?

आडव्या पृष्ठभागावर पाणी साचते, ऊन थेट पडते, पावलांची झीज होते. फळी रोज फुगते-आक्रसते, रंगाचा थर तेवढा ताणला जात नाही, बारीक चीर पडते. चिरेतून पाणी आत जाते आणि वरच्या थरामुळे बाहेर पडू शकत नाही. पुढच्या कडक उन्हात त्याची वाफ थराला खालून ढकलते आणि पोपडा सुटतो. डेकच्या चालायच्या फळ्यांवर आणि पायऱ्यांवर थर धरणारा रंग देऊ नये, हे आमचे ठाम मत आहे. कितीही भारी कंपनीचा डबा आणला तरी लाकडाची हालचाल थांबत नाही. एकदा पोपडे सुरू झाले की दरवर्षी खरवडणे आलेच.

अशा जागी अर्धपारदर्शक, तेलाचा, मुरणारा स्टेन योग्य. तो पृष्ठभागावर थर धरत नाही, त्यामुळे सोलण्यासारखे काही नसते. तो झिजतो, फिका होतो. धुऊन पुन्हा एक हात दिला की काम झाले. आडव्या पृष्ठभागावर तो एक ते तीन वर्षे टिकतो, उभ्यावर त्याहून जास्त. त्यातले रंगद्रव्य ऊन अडवते, म्हणून पूर्ण पारदर्शक मालापेक्षा थोडी गडद छटा जास्त टिकते. बिनरंगाचे पाणी झटकणारे सीलर लाकूड पिळण्यापासून वाचवते, पण करडे पडण्यापासून वाचवत नाही आणि साधारण वर्षभरात पुन्हा द्यावे लागते.

गडद, लाकडाच्या रेषा झाकणारा स्टेन हा नावाने स्टेन असला तरी वागणुकीने पातळ रंगच आहे. कुंपण आणि भिंतीच्या फळ्यांना तो छान. चालायच्या जागी नको.

कठड्याचे खांब, उभ्या पट्ट्या, पेर्गोला (वरून उघडा लाकडी मांडव), कुंपण, दाराच्या चौकटी इथे रंगाला हरकत नाही. नीट प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) आणि वर अॅक्रिलिक रंगाचे दोन हात दिले तर उभ्या लाकडावर सात ते दहा वर्षे अपेक्षा ठेवता येते. एकाच रचनेत दोन्ही वापरावे: चालायच्या फळ्यांना स्टेन, कठड्याला रंग. दिसायलाही ते चांगले दिसते.

छटा निवडताना लाकडाची हिरवट झाक हिशोबात घ्या. अर्धपारदर्शक स्टेनमध्ये ती खालून डोकावते. तांबूस आणि तपकिरी छटा तिला दाबतात. करडी किंवा फिकट मधाळ छटा मात्र तिच्यामुळे शेवाळी दिसू शकते. उरलेल्या तुकड्यावर, त्याच दिवशी तशाच घासलेल्या पृष्ठभागावर नमुना लावा आणि पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघा. फार गडद रंगांनी लाकूड उन्हात जास्त तापते, चिरा वाढतात आणि गाठींतून राळ बाहेर येते.

स्वच्छता

नव्या लाकडावर कारखान्याची शाई, चिखल आणि कधी कधी गाठींजवळ पांढरट-हिरवी भुकटी असते. ही भुकटी म्हणजे सुकून वर आलेले क्षार. ती कोरड्या ताठ ब्रशने झटका, मग पुसा. तारेचा ब्रश आणि स्टील वूल वापरू नका. लोखंडाचे कण लाकडात अडकतात आणि पहिल्या पावसात काळे-तांबूस ठिपके उमटतात. नायलॉनचा ब्रश पुरतो.

काळे डाग मळ आहेत की बुरशी, हे ओळखायला त्यावर पातळ ब्लीचचा थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी. बुरशी आधी मारावी लागते, नाहीतर ती रंगाखालून पुन्हा वर येते. त्यासाठी सोडियम परकार्बोनेटचे द्रावण चांगले: लिटरभर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम. ब्रशने लावा, १५ मिनिटे ओले राहू द्या, घासा, भरपूर पाण्याने धुवा. क्लोरीनचे ब्लीच वापरायचेच झाले तर पातळ करून आणि थोडा वेळच. ते तंतूंनाही इजा करते. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्ल कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

खिळ्यांभोवतीचे काळपट डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम पूड विरघळवा, डागांवर लावा, रंग उतरला की दोन-तीनदा पाण्याने धुवा. पूड पोटात गेली तर विषारी आहे, त्यामुळे रबरी हातमोजे आणि चश्मा हवाच. डाग पडण्याचे मूळ कारण मात्र खिळा असतो. तांबेयुक्त औषध साध्या लोखंडाला आणि पातळ मुलाम्याच्या स्क्रूला लवकर गंजवते. रंगण्याआधी ते काढून जाड गरम-बुडीत गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे बसवा, नाहीतर डाग रंगातूनही वर येतील.

पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र हे दुधारी साधन आहे. पंख्यासारखी रुंद धार, कमी दाब आणि फूटभर अंतर ठेवले तर ठीक. धार जवळ नेली की मऊ तंतू उखडतात आणि फळी केसाळ होते. धुतल्यावर कोरड्या हवेत किमान दोन-तीन दिवस वाळू द्या आणि ओल पुन्हा मोजा.

घासणे, कडा आणि टोके

स्टेनसाठी ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरेसा. त्याहून गुळगुळीत केले की छिद्रे बंद होतात आणि स्टेन कमी मुरतो. रंगासाठी ८० ते १०० नंबर. नेहमी रेषांच्या दिशेने घासा. फक्त वरची कातडी काढायची आहे. रंधा मारून दोन-चार मिलिमीटर उतरवू नका, कारण काही जातींत औषध तेवढेच आत गेलेले असते आणि आतले लाकूड उघडे पडते. घासताना धूळ रोखणारा एन९५ किंवा त्याहून चांगला मुखवटा, चश्मा आणि लांब बाह्या असाव्यात. धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि भुसा खतात किंवा जनावरांच्या गोठ्यात टाकू नका.

धारदार कडांवर रंग ताणला जाऊन पातळ होतो आणि सोलायला तिथूनच सुरुवात होते. सगळ्या बाहेरच्या कडा सुमारे ३ मिलिमीटर गोल करा. पाच मिनिटांचे काम आहे, पण कठड्याच्या वरच्या पट्टीचे आयुष्य त्यावर ठरते.

टोकांकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, त्यामुळे तिथून पाणी फळीच्या बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत जाते. शिवाय करवतीने कापल्यावर आतला औषध न पोहोचलेला भाग उघडा पडतो. कापलेल्या प्रत्येक टोकाला, पाडलेल्या प्रत्येक भोकाला तांबे नॅफ्थेनेटचे, १ ते २ टक्के तांबे असलेले, ब्रशने लावायचे औषध लाकूड पिऊन थांबेपर्यंत लावा. ते नीट वाळल्यावरच रंग किंवा स्टेन. टोकांना नंतर स्टेनचे दोन-तीन हात द्या. जमिनीत गाडायच्या भागाला मात्र रंग देऊ नये. वरून शिरलेले पाणी तिथे अडकते.

गाठींतून राळ पाझरत असेल तर ती खरवडून, मिनरल टर्पेंटाइनने पुसून घ्या आणि डाग अडवणारा बाहेरच्या वापराचा प्रायमर द्या. तरीही काही गाठी उन्हाळ्यात पाझरतील. तेवढी जागा पुन्हा करावी लागते.

किती माल लागेल

मुरणारा स्टेन पहिल्या हाताला लिटरमागे ४० ते ६० चौरस फूट जातो, खडबडीत लाकडावर त्याहून कमी. दुसरा हात बराच कमी पितो. अॅक्रिलिक रंग लिटरमागे ८० ते १०० चौरस फूट. उदाहरणार्थ १२ फूट बाय १५ फुटांचा डेक म्हणजे १८० चौरस फूट. पहिला हात ५० चौरस फुटांच्या हिशोबाने ३.६ लिटर, दुसरा ८०च्या हिशोबाने २.२५ लिटर, आणि कडा-टोके-फटींसाठी १५ टक्के वरचे. एकूण सात लिटर धरा. कठड्याचे गणित वेगळे: प्रत्येक उभ्या पट्टीच्या चारही बाजू मोजा. लांबी-उंचीचा गुणाकार करून घेतलेला माल अर्ध्यातच संपतो.

हवामान आणि वेळ

तापमान १० ते ३२ अंश सेल्सिअस, पुढचे २४ तास पाऊस नाही, आणि दव पडण्याच्या किमान दोन-तीन तास आधी काम संपलेले, हे किमान. अॅक्रिलिक रंगाला पहिल्या रात्रीही १० अंशांच्या खाली गेलेले चालत नाही. थर नीट जुळत नाही. तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधी सुकतो आणि रंगात फुगे येतात. फळीला तळहात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. सावली सरकेल तसे काम सरकवा.

स्टेन देण्याची पद्धत

सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, नाहीतर दोन डब्यांतला छटेचा फरक फळीवर दिसतो. रंगद्रव्य तळाशी बसते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी तळापासून ढवळा.

एका वेळी दोन किंवा तीन फळ्या घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करूनच पुढे जा. मध्येच थांबलात तर सुकलेल्या कडेवर दुसरा हात चढून गडद पट्टा उमटतो आणि तो नंतर काढता येत नाही. रोलर किंवा पॅडने पसरवले तरी मागोमाग नैसर्गिक केसांच्या चार इंची ब्रशने लाकडात घासून बसवा, विशेषतः चिरांमध्ये आणि फळ्यांमधल्या फटींत. नुसत्या फवाऱ्याने दिलेला स्टेन वरच बसतो.

पंधरा-वीस मिनिटांनी पृष्ठभाग चकाकत असेल तर तेवढा स्टेन लाकडाने घेतलेला नाही. तो कापडाने पुसून काढा. जास्त दिला म्हणजे जास्त टिकेल ही समजूत उलटी आहे. न मुरलेले तेल आठवडाभर चिकट राहते, त्यावर धूळ बसते आणि थर तयार होऊन तो सोलतो. दुसरा हात द्यायचा तर काही स्टेन पहिला हात पूर्ण सुकण्याआधीच मागतात, कारण सुकल्यावर लाकूड पुढचे तेल आत घेत नाही. डब्यावरची सूचना इथे शब्दशः पाळा.

तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवू नका. जवसासारखी तेले सुकताना उष्णता सोडतात आणि चुरगळलेल्या चिंध्या काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या जागी एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

रंग देण्याची पद्धत

धूळ पुसल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बाहेरच्या वापराचा प्रायमर द्या, तेलाचा किंवा चांगल्या प्रतीचा अॅक्रिलिक. तो लाकडाची रेषा पूर्ण झाकेल इतका असावा. आधी टोके, कडा आणि सांधे, मग मोठे भाग. खिळ्यांची भोके आणि मोठ्या फटी प्रायमरनंतर भरा. प्रायमर नसलेल्या उघड्या लाकडावर भरलेला पुट्टीसारखा माल सुटून येतो. पाणी वाहून जायच्या फटी भरू नका.

प्रायमर सुकला की लवकरात लवकर पहिला रंगाचा हात द्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उघडा राहिलेला प्रायमर वरून खराब होतो आणि पुढचा हात नीट धरत नाही. वर शंभर टक्के अॅक्रिलिक रंगाचे दोन हात, दोघांमध्ये डब्यावर दिलेला वेळ. प्रायमरसकट सुकलेला थर साधारण ०.१ मिलिमीटर जाड व्हायला हवा. एकच जाड हात देऊन हे साधत नाही. वरचा भाग सुकतो, आतला ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात.

बिघडले तर कारण शोधा

पोपडा उचलून त्याची मागची बाजू बघा. मागे लाकडाचे तंतू चिकटलेले असतील तर रंग उन्हाने मारलेल्या लाकडावर दिला होता. मागची बाजू स्वच्छ आणि खालचे लाकूड ओलसर असेल तर कारण पाणी. दोन थरांच्या मधूनच सुटत असेल तर मधे मळ, भुकटी किंवा फार मोठा खंड पडला होता. फोड आला असेल तर ब्लेडने कापा: खाली लाकूड दिसले तर ओल, खाली जुना रंग दिसला तर बहुधा तापलेल्या पृष्ठभागावर काम झाले होते.

चिकट राहिलेला स्टेन मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. ऐकले नाही तर त्याच स्टेनचा पातळ हात द्या, तीन-चार मिनिटांत खालचा मऊ होतो, मग दोन्ही पुसून काढा.

जुन्या रंगावर नवा हात चढवण्याआधी पकड तपासा. धुऊन वाळवलेल्या जागी ब्लेडने छोटी फुली मारा, त्यावर जखमेची चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तो भाग लाकडापर्यंत काढावाच लागेल. स्टेनचे सोपे असते: पाण्याचे थेंब टाका, मुरायला लागले की नवा हात द्यायची वेळ झाली. सर्वात जास्त ऊन लागणारी बाजू आधी मागेल. सगळा डेक एकाच वेळी करण्याची गरज नाही, मात्र शेवट फळीच्या टोकावरच करा. आणि ज्या चालायच्या फळ्यांवर आधी रंग होता त्यांना स्टेनवर न्यायचे असेल, तर छिद्रांत अडकलेल्या रंगासकट सगळा थर रिमूव्हर लावून आणि घासून निघेपर्यंत स्टेनचा डबा उघडू नका. राहिलेल्या रंगाच्या ठिपक्यांवर स्टेन मुरत नाही, तिथे तो कायम डागासारखा दिसतो.